नवजात बाळाच्या सेप्सिसमधील रक्ततपासण्या: आकडा घड्याळासोबत कसा वाचावा

नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरू लागला, म्हणजेच सेप्सिस झाला, की त्याची पहिली खूण बहुधा अगदी साधी असते. सकाळपर्यंत नीट अंगावर पिणारे बाळ दुपारी दूध ओठांतून गळू देते, रडणे क्षीण होते, हातपाय सैल पडतात आणि पोटाला हात लावला तर ऊबदार पण तळपाय मात्र गार लागतात. मोठ्या माणसाला ताप येतो, तसा बाळाला येईलच असे नाही. अपुऱ्या दिवसांचे बाळ तर तापण्याऐवजी थंडच पडते. लक्षणे अशी पुसट असल्यामुळे आपण रक्ताच्या तपासण्यांकडे वळतो आणि नेमकी तिथेच एक चूक होते: रिपोर्टवरचा आकडा वाचला जातो, पण ते रक्त बाळाच्या वयाच्या कितव्या तासाला आणि लक्षणे दिसल्यापासून किती वेळाने घेतले, हे कोणी पाहत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात, छोट्या प्रसूतिगृहात किंवा जिल्ह्याच्या नवजात शिशू कक्षात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी या तपासण्या कशा मागवाव्यात आणि कशा वाचाव्यात, हे येथे मांडले आहे.

पहिला नियम असा की बाळ गंभीर दिसत असेल, म्हणजे कण्हत असेल, छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील किंवा त्वचा निळसर-करडी झाली असेल, तर कोणत्याही रिपोर्टची वाट पाहू नये. कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्यासाठी, रक्त घ्यावे आणि लगेच प्रतिजैविकाचा पहिला डोस द्यावा. आजारी बाळाला सेप्सिस नाही, असे म्हणण्याइतकी एकही तपासणी आज आपल्या हाती नाही. या तपासण्यांचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो: बाळ संशयाच्या उंबरठ्यावर असताना निर्णय घेण्यासाठी आणि त्याहून अधिक, सुरू केलेले औषध कधी थांबवता येईल हे ठरवण्यासाठी.

रक्त घेताना

ब्लड कल्चर ही या सर्वांतली पायाभूत तपासणी आहे आणि तिचे यश सुई टोचण्याच्या त्या दोन मिनिटांवर ठरते. जागा जंतुनाशकाने पुसून ती पूर्ण वाळू द्यावी. ओल्या त्वचेतून सुई घातली तर त्वचेवरचेच जंतू बाटलीत जातात आणि पुढचे दोन दिवस आपण नसलेल्या आजाराचा पाठलाग करतो. रक्त किमान १ मिलिलिटर हवे. इवल्याशा बाळाचे एवढे रक्त घ्यायला हात कचरतो, हे मी समजू शकतो, परंतु रक्तात जंतूंची संख्या कमी असेल तर अर्धा मिलिलिटर रक्तात एकही जंतू न येण्याची शक्यता राहते आणि मग ‘निगेटिव्ह’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही. कल्चर नेहमी प्रतिजैविकाच्या आधी घ्यावे. बाटली फ्रीजमध्ये ठेवू नये. लॅबला पोहोचेपर्यंत ती खोलीच्या तापमानालाच राहू द्यावी. स्वयंचलित यंत्रावर बहुतेक खरी कल्चर २४ ते ३६ तासांत पॉझिटिव्ह येतात.

हिमोग्राम आणि काचपट्टी

जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत पांढऱ्या पेशींची संख्या निरोगी बाळातही झपाट्याने वरखाली होते. म्हणून जन्मतः घेतलेल्या हिमोग्रामवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवर, विसंबू नये. बाळ बरे असेल तर ६ ते १२ तासांनी घेतलेला नमुना अधिक काही सांगतो. एकूण पांढऱ्या पेशी ५,००० पेक्षा कमी असणे हे वाढलेल्या संख्येपेक्षा जास्त गंभीरपणे घ्यावे, कारण रडणे, प्रसूतीचा ताण अशा अनेक कारणांनी संख्या वाढते, पण कमी क्वचितच होते. यंत्राने दिलेला आकडा तसाच स्वीकारण्याआधी काचपट्टीवर केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी मोजून घ्याव्यात, कारण यंत्र त्यांनाही पांढऱ्या पेशींत धरते. शंभर पांढऱ्या पेशींमागे अशा २५ पेशी असतील, तर १५,००० ही संख्या दुरुस्त केल्यावर १२,००० होते.

काचपट्टीवरचा सर्वांत मोलाचा आकडा म्हणजे अपक्व न्यूट्रोफिलचे, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतल्या कच्च्या पेशींचे, प्रमाण. पक्व न्यूट्रोफिलचे केंद्रक बारीक धाग्याने जोडलेल्या तुकड्यांत विभागलेले असते. अपक्व पेशीचे केंद्रक घोड्याच्या नालेसारखे सलग वळलेले दिसते. संसर्गाशी झुंजताना अस्थिमज्जेतला साठा संपत आला की या कच्च्या पेशी रक्तात येऊ लागतात. समजा, शंभर पांढऱ्या पेशींत ६० न्यूट्रोफिल आहेत आणि त्यांपैकी १५ अपक्व आहेत, तर प्रमाण १५ भागिले ६०, म्हणजे ०.२५ झाले. ०.२ पेक्षा जास्त प्रमाण असामान्य धरतात. हे काम माणसाच्या डोळ्यांनीच करावे लागते आणि मोजणारी व्यक्ती बदलली की उत्तरही थोडे बदलते. म्हणून शक्यतो एकाच अनुभवी तंत्रज्ञाकडून मोजून घ्यावे आणि केवळ यंत्राच्या छापील रिपोर्टवर थांबू नये.

न्यूट्रोफिलची एकूण संख्या वेगळी काढावी आणि ती बाळाच्या वयाच्या तासांनुसार आखलेल्या तक्त्यावर पाहावी. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी १९७९ सालचा मॅनरो तक्ता वापरतात, तर दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी १९९४ सालचा मुझिन्यो तक्ता. येथे आईचा कागद हाताशी हवा. गरोदरपणात आईचा रक्तदाब वाढलेला असेल, तर संसर्ग नसतानाही बाळाचे न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट कमी असू शकतात. प्लेटलेट घसरणे ही तशीही उशिरा दिसणारी खूण आहे, त्यामुळे त्या चांगल्या आहेत म्हणून निश्चिंत होऊ नये.

मायक्रो-ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग पाहणारी तपासणी, आता मागे पडत चालली आहे. परंतु जेथे लॅब रात्री बंद असते, तेथे ती आजही खाटेशेजारी होऊ शकते. टाचेतून घेतलेले रक्त केशनलिकेत भरून ती एक तास अगदी सरळ उभी ठेवावी आणि वर सुटलेल्या पिवळसर द्रवाचा स्तंभ मिलिमीटरमध्ये मोजावा. पहिल्या तासात १५ मिलिमीटर किंवा जास्त आल्यास तो असामान्य समजावा.

सीआरपी: एकदा नव्हे, दोनदा

सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) हे संसर्ग किंवा दाह झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन यकृतात तयार होते. जंतू रक्तात आल्यावर आधी पेशींमधून इंटरल्युकिन-६ सारखे संदेश सुटतात, ते यकृतापर्यंत पोहोचतात आणि मग सीआरपी बनू लागते. या साखळीला वेळ लागतो. सीआरपी वाढायला साधारण ६ ते १२ तास जातात, ते ३६ ते ४८ तासांच्या सुमारास शिखर गाठते आणि संसर्ग आटोक्यात आल्यावर जवळपास १९ तासांत निम्मे होते. बाळ मलूल झाल्याबरोबर घेतलेले सीआरपी सामान्य आले, तर त्यातून यकृताने अजून काम सुरू केलेले नाही, एवढेच कळते.

३८ आठवड्यांचे एक बाळ घेऊ. आईची पाण्याची पिशवी प्रसूतीपूर्वी २० तास फुटलेली होती. दहाव्या तासाला बाळाचा श्वास वाढला, तेव्हा सीआरपी लिटरला ४ मिलीग्रॅम होते. येथेच थांबलो असतो तर बाळ निरोगी ठरले असते. चोविसाव्या तासानंतर दुसरा नमुना घेतल्यास आणि तो ३८ आल्यास चित्र पूर्ण बदलते. याउलट पोटातच शी करून ती श्वासावाटे फुप्फुसात गेलेल्या बाळात पहिले सीआरपी २२, दुसरे १८ आणि तिसरे ८ येऊ शकते. कल्चरमध्ये काही वाढले नाही आणि बाळ सुधारत असेल, तर ही वाढ फुप्फुसाच्या दाहाची असण्याचा संभव मोठा. जन्मावेळी गुदमरणे, शस्त्रक्रिया किंवा लसीकरण यांनीही सीआरपी वाढते. चोवीस तासांच्या अंतराने घेतलेली दोन्ही सीआरपी सामान्य असतील, तर सेप्सिसची शक्यता फारच कमी उरते आणि हीच या तपासणीची खरी ताकद आहे. ब्रिटनमधील नाईस या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनातही औषध सुरू करताना एक आणि १८ ते २४ तासांनी दुसरे सीआरपी करून, सर्व समाधानकारक असल्यास ३६ तासांवर औषध थांबवण्याचा विचार करावा, असे सांगितले आहे.

एककाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. लिटरला १० मिलीग्रॅम आणि डेसिलिटरला १ मिलीग्रॅम हे एकच आहे. एका लॅबचा ‘१.८’ आणि दुसऱ्या लॅबचा ‘१२’ शेजारी ठेवून आजार वाढल्याचा निष्कर्ष निघालेला मी पाहिला आहे; प्रत्यक्षात तो कमी झालेला होता. लॅटेक्सच्या थेंबावर केलेल्या चाचणीत (तीत गुठळ्या दिसणे म्हणजे पॉझिटिव्ह) आणखी एक धोका असतो: सीआरपी अतिशय जास्त असेल तर गुठळ्याच दिसत नाहीत आणि उत्तर निगेटिव्ह येते. बाळ गंभीर आणि चाचणी निगेटिव्ह असा विसंवाद दिसल्यास नमुना पातळ करून पुन्हा तपासण्यास सांगावे.

प्रोकॅल्सिटोनिन आणि इतर

प्रोकॅल्सिटोनिन हेही संसर्गात रक्तात वाढणारे प्रथिन आहे. ते सीआरपीच्या आधी, म्हणजे २ ते ४ तासांत वाढू लागते आणि ६ ते ८ तासांत शिखराला पोहोचते. परंतु जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ते निरोगी बाळातही वाढते. २४ तासांच्या आसपास मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमपर्यंत गेलेले आढळू शकते. मोठ्यांसाठीची ०.५ ही मर्यादा तिसऱ्या दिवसानंतरच लावावी. नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, कॅनडा आणि झेक प्रजासत्ताक येथील १,७१० बाळांवरील अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तासांनुसार प्रोकॅल्सिटोनिन पाहून निर्णय घेतल्यावर प्रतिजैविकांचा कालावधी ६५ तासांवरून ५५ तासांवर आला. इंटरल्युकिन-६ याहूनही लवकर वाढते, पण दिवसभरात उतरते आणि आपल्या बहुतेक रुग्णालयांत ते उपलब्ध नसते.

सर्व एकत्र मांडताना

भारतात रूढ असलेल्या सेप्सिस स्क्रीनमध्ये पाच गोष्टी पाहतात: एकूण पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिलची संख्या, अपक्व पेशींचे प्रमाण, मायक्रो-ईएसआर आणि सीआरपी. यांतील दोन किंवा अधिक असामान्य असल्यास स्क्रीन पॉझिटिव्ह धरतात. निगेटिव्ह असूनही संशय कायम असेल, तर १२ तासांनी ती पुन्हा करावी. स्क्रीन पॉझिटिव्ह आली म्हणजे सेप्सिस सिद्ध झाला असे नव्हे, आणि मेंदूज्वर तर ब्लड कल्चर निगेटिव्ह असतानाही असू शकतो. लक्षणे तशी असल्यास पाठीतले पाणी तपासावेच.

औषध लवकर थांबवण्याचा एवढा आग्रह धरण्यामागे कारण आहे. दिल्लीतील तीन रुग्णालयांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय हे जंतू प्रमुख आढळले आणि त्यांतील पुष्कळ नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते. गरज नसलेला प्रत्येक जादा दिवस या जंतूंना बळ देतो.

लॅबच नसेल तेथे लक्षणांवरच भिस्त ठेवावी लागते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना रडणे, दूध ओढणे, हातपायांचा जोर अशा खुणांवरून सेप्सिस ओळखून उपचार करायला शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, तोही रक्ताची एकही तपासणी न करता.

बाळाला मोठ्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर ‘सीआरपी वाढलेले’ एवढेच लिहू नये. जन्माची वेळ, पहिले लक्षण दिसल्याची वेळ, प्रत्येक नमुन्याची वेळ, आकडा एककासह, कल्चर घेतले की नाही आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस किती वाजता दिला, हे सारे लिहावे. चिठ्ठी आईच्या पिशवीत न टाकता सोबत जाणाऱ्या व्यक्तीच्या हातात द्यावी आणि पोहोचल्यावर ती डॉक्टरांना दाखवायला सांगावे.