स्कँडिनेव्हियाची क्रूझ : बंदरांवरच्या सहली आणि प्रवासाची आखणी

क्रूझचे आरक्षण झाले की बहुतेक प्रवासी सर्वप्रथम जहाज कंपनीची सहलींची यादी उघडतात आणि तिथले फोटो पाहून निवड करू लागतात. माझ्या मते आधी वेळापत्रक उघडावे आणि प्रत्येक बंदरात प्रत्यक्ष हाती किती तास येतात ते कागदावर मांडावे. वेळापत्रकात सकाळी ८ ते सायंकाळी ५ असे लिहिलेले असले, तरी ते नऊ तास आपले नसतात. जहाज धक्क्याला लागल्यावर उतरण्याची परवानगी मिळायला काही वेळ जातो, सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी सर्वांनी परतलेले असावे लागते, आणि स्वतःच्या जबाबदारीवर फिरणाऱ्याने त्याखेरीज तासभर तरी हाताशी राखावा. म्हणजे उरतात साडेसहा ते सात तास, आणि कोणती सहल शक्य आहे हे या आकड्यावरूनच ठरते.

यानंतर जहाज नेमके कोणत्या धक्क्याला लागणार आहे ते शोधावे. एकाच शहरात धक्के अनेक असतात, आणि बंदरांच्या अधिकृत संकेतस्थळांवर कोणत्या दिवशी कोणते जहाज कुठे लागणार याचे तक्ते आगाऊ प्रसिद्ध होतात. त्याच तक्त्यात त्या दिवशी आणखी किती जहाजे येणार आहेत हेही दिसते, आणि लहान गावांच्या बाबतीत ही माहिती सोन्यासारखी असते. कोपनहेगनमध्ये जहाज लांगेलिनीच्या धक्क्याला लागले, तर ‘लिटल मरमेड’चा पुतळा पायी दहा-पंधरा मिनिटांवर येतो, तेच ओशनकायला लागले, तर शहराचा मध्य सुमारे सहा किलोमीटर दूर राहतो आणि बसने ओरिएंटकाय स्थानक गाठून तिथून मेट्रो धरावी लागते. स्टॉकहोमच्या बाबतीत हा फरक आणखी मोठा आहे. स्टाड्सगोर्डनचा धक्का जुन्या शहराच्या, म्हणजे गमला स्टानच्या, अगदी जवळ आहे, पण काही मोठी जहाजे ‘स्टॉकहोम’ या नावाखाली प्रत्यक्षात सुमारे ६० किलोमीटर दक्षिणेच्या नीनेसहाम्नला थांबतात. तिथून लोकल रेल्वेने शहरात पोहोचायला सुमारे तासभर लागतो आणि परतीलाही तेवढाच. आरक्षणाच्या कागदावर कंसात लिहिलेले हे नाव अनेकांच्या नजरेतून सुटते.

धक्का नसेल तिथे जहाज समुद्रात नांगर टाकते आणि प्रवाशांना टेंडर नावाच्या लहान बोटींनी किनाऱ्यावर नेले जाते. पहिल्या बोटी सहसा जहाज कंपनीच्या सहली घेतलेल्यांसाठी राखलेल्या असतात, इतरांना क्रमांक घेऊन थांबावे लागते. अशा बंदरात स्वतंत्रपणे काही ठरवले असेल, तर ते जहाज थांबल्यानंतर दोन तासांच्या आत सुरू होणारे नसावे. वारा जोराचा असेल तर टेंडर बंदच राहतात आणि बंदर वगळले जाते. कंपनीच्या सहलीचे पैसे त्या वेळी आपोआप परत मिळतात, स्थानिक व्यावसायिकाकडून घेतलेल्या सहलीचे मात्र त्याच्या अटींवर अवलंबून असतात, म्हणून जहाज न आल्यास पूर्ण परतावा देणाऱ्याकडेच आरक्षण करावे.

कंपनीची सहल घ्यावी की स्वतः फिरावे, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते किंवा प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतंत्र प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. या हमीची किंमत सहलीच्या दरात धरलेली असते. म्हणून मी असा हिशेब करतो की, जिथे परतीचा रस्ता एकच, लांबचा आणि डोंगरातला आहे तिथे ही किंमत मोजावी, आणि जिथे मेट्रो, ट्राम किंवा पायी चालत जहाज गाठता येते तिथे मोजू नये.

मोठ्या शहरांमध्ये म्हणूनच मी कंपनीची सहल घेण्याच्या विरुद्ध आहे. ऑस्लोमध्ये बहुतेक जहाजे आकेर्सहूस किल्ल्याच्या पायथ्याशीच लागतात. तिथून चालत नगरभवनासमोरच्या धक्क्यावर जावे आणि बोटीने बिग्दोय द्वीपकल्प गाठावे, जिथे नॉर्वेचा शोधप्रवासी आमुंडसेन याला दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर नेणारे ‘फ्राम’ जहाज आणि पॅसिफिक महासागरातून प्रवास केलेला ‘कॉन-टिकी’ तराफा शेजारशेजारच्या संग्रहालयांत आहेत. तिथलेच व्हायकिंग जहाजांचे संग्रहालय २०२२ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाले, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून त्याचा बेत करू नये; आपल्या तारखेला ते उघडे आहे का याची आधी खात्री करावी. स्टॉकहोममध्ये १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेल्या आणि १९६१ मध्ये वर काढलेल्या ‘वासा’ या युद्धनौकेचे संग्रहालय एक दिवसाच्या भेटीत चुकवू नये. स्लुसेनजवळून हे संग्रहालय असलेल्या यूरगोर्डन बेटाकडे बोट जाते, आणि शहराच्या मेट्रोच्या फाटकावर बँकेचे कार्ड टेकवले की तिकीट होते. एवढे सोपे असताना चाळीस जणांच्या बसमधून जाऊन त्याच दालनात ठरवून दिलेली चाळीस मिनिटे घालवण्यात मला अर्थ दिसत नाही.

बर्गनही असेच चालत पाहण्याचे शहर आहे. स्कोल्टनच्या धक्क्यावरून १९७९ पासून जागतिक वारसा असलेली ब्रिगेनची लाकडी घरे पायी गाठता येतात. येक्तेविकेनला जहाज लागले तर बंदराची शटल बस घ्यावी लागते. फ्लोयेन टेकडीवर नेणारी केबल रेल्वे ३२० मीटर उंचीवर काही मिनिटांतच पोहोचवते, परंतु तीन जहाजे एकाच दिवशी आली तर रांग तासभराचीही होऊ शकते. जहाजातून उतरताच आधी टेकडी आणि नंतर ब्रिगेन हा क्रम धरावा, आणि ढग खाली आलेले असतील तर मात्र तो उलटा करावा. बर्गनमध्ये पाऊस हा अपवाद नसतो.

फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांच्या, गावांमध्ये गणित बदलते, कारण तिथे जागा मोजक्या असतात आणि जहाजातून उतरणारी माणसे गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट असतात. फ्लोम हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. जहाज रेल्वे स्थानकाच्या शेजारीच लागते आणि तिथून निघणारी फ्लोम रेल्वे २० किलोमीटरच्या अंतरात समुद्रसपाटीपासून सुमारे ८६५ मीटर चढून मिरडालला पोहोचते. जाण्यास सुमारे एक तास आणि येण्यास तेवढाच, वाटेत शोस्फोसेन धबधब्यापाशी गाडी थांबते. कागदावर ही सर्वांत सोपी स्वतंत्र सहल दिसते, पण जहाज येण्याच्या दिवशी सोयीच्या वेळेच्या गाड्यांची तिकिटे फार आधी संपतात. विक्री सुरू होताच रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावरून तिकीट घ्यावे. तिथे न मिळाल्यास जहाज कंपनीच्या वाट्याच्या जागांतून घ्यावे, पण ‘तिथे गेल्यावर पाहू’ असे म्हणू नये. रेल्वेचे तिकीट मिळाले नाही म्हणून दिवस वाया जातो असेही नाही. आउरलांड फियॉर्डच्या वर ६५० मीटरवरचा स्टेगास्टाइनचा सज्जा बसने सुमारे दीड तासात पाहून होतो. शिवाय २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या अरुंद नेरोय फियॉर्डमधून विजेवर चालणाऱ्या बोटीने सुमारे दोन तासांत गुडवांगेनला जाऊन बोगद्यातून बसने वीस मिनिटांत परतता येते. मला एकच निवडायचे झाले तर मी रेल्वेऐवजी ही बोट निवडेन; अर्थात रेल्वेच्या चाहत्यांना हे पटणार नाही.

गायरांगरमध्ये एक बारकावा लक्षात घ्यावा. काही जहाजे आधी हेलेसिल्टला थोडा वेळ थांबून केवळ आपल्या सहलींचे प्रवासी उतरवतात आणि ते प्रवासी रस्त्याने डोंगर ओलांडून संध्याकाळपर्यंत गायरांगरला जहाजावर परततात. ही सोय स्वतंत्रपणे फिरणाऱ्याला मिळत नाही. मात्र ती घेतली तर हेलेसिल्ट ते गायरांगर हा जहाजातून दिसणारा ‘सात बहिणी’ धबधब्याचा टप्पा सकाळी हुकतो. जहाज त्याच मार्गाने परतत असल्यामुळे तो संध्याकाळी दिसतो, तेव्हा सुटण्याची वेळ उजेडातली आहे ना एवढे पाहावे. गावातून डाल्सनिब्बाच्या सुमारे १५०० मीटर उंचीच्या माथ्यावर किंवा अकरा वळणांच्या ‘गरुड मार्गा’वर स्थानिक बस जातात. पैसे खर्च करायचे नसतील, तर गावातल्या धबधब्याच्या कडेने बांधलेल्या ३२७ पायऱ्या चढून जावे.

याच ठिकाणी आणखी एक सूचना द्यावीशी वाटते. नॉर्वेने जागतिक वारसा असलेल्या फियॉर्डमध्ये प्रवासी जहाजांना शून्य उत्सर्जनाची अट घातली असून ती १०,००० टनांखालील जहाजांना २०२६ पासून आणि त्यावरील जहाजांना २०३२ पासून लागू करण्याचे ठरले आहे. लांबच्या तारखेचे आरक्षण करणाऱ्याने मार्गात गायरांगरऐवजी ओल्डेन किंवा नुरफियॉर्डाइद असे बदल होऊ शकतात हे गृहीत धरावे.

कंपनीची सहल घ्यावी अशी दोन ठिकाणे मला निःसंशय वाटतात. पहिले स्टावांगरजवळचे प्रेकेस्टोलेन. लिसे फियॉर्डच्या ६०४ मीटर वर असलेल्या या कड्यापर्यंतची पायवाट जाऊन-येऊन सुमारे ८ किलोमीटर आहे, चार ते पाच तास घेते आणि त्यात रस्त्याचा प्रवास वेगळा. सात तासांत हे बसते, पण पाय घसरला किंवा बस चुकली तर उरत काहीच नाही. चालण्याची सवय नसलेल्यांनी लिसे फियॉर्डमधील बोटीची सहल घेऊन तोच कडा खालून पाहावा. दुसरे ठिकाण नॉर्वेच्या उत्तर टोकाकडचे नॉर्डकाप, जिथे हॉनिंग्सवोगहून सुमारे ३५ किलोमीटरचा एकमेव रस्ता ३०७ मीटर उंच कड्यापर्यंत जातो. तिथे स्थानिक बसही स्वस्तात मिळते, परंतु धुके आणि वारा यांचा भरवसा नसल्यामुळे मी हमीच्या बाजूने कौल देतो. मध्यरात्रीचा सूर्य तिथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दिसतो, त्यामुळे ऑगस्टमधील स्वस्त सफर घेताना आपण नेमके काय सोडत आहोत हे माहीत असावे.

तारखांबाबत दोन गोष्टी. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिन असून त्या दिवशी ऑस्लो आणि बर्गनचे मध्यवर्ती रस्ते मिरवणुकांनी भरलेले असतात. पाहण्यासारखा सोहळा, पण बससहलींसाठी अडचणीचा. स्वीडनमध्ये १९ ते २५ जून या काळातल्या शुक्रवारी मिडसमर या उन्हाळी सणाची पूर्वसंध्या असते आणि त्या दिवशी अनेक दुकाने व काही संग्रहालये बंद राहतात. मार्गात हेलसिंकी किंवा टालिन असेल, तर तिथली घड्याळे स्वीडनपेक्षा एक तास पुढे असतात. जहाज आपली वेळ बदलेलच असे नाही, आणि मोबाइल मात्र स्वतःहून बदलतो. त्या दिवशी जहाजाची वेळ दाखवणारे साधे मनगटी घड्याळ बांधावे.

व्हिसाच्या बाबतीत डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड हे चारही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, आहेत, नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नसला तरी. भारतीय पारपत्रधारकाने ज्या देशात सर्वाधिक दिवस जातात त्या देशाकडे अर्ज करावा. दिवस समान असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होतो त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवसांच्या आत आल्यावर करता येत नाही. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. सफर साउदॅम्प्टन किंवा डोव्हरहून निघत असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. मार्गात आर्क्टिकमधला स्वालबार्ड द्वीपसमूह असेल तर अधिक दक्षता घ्यावी, कारण तो नॉर्वेचा असूनही शेंगेनबाहेर आहे. तिथून परतताना पुन्हा प्रवेश मोजला जातो, म्हणून अनेक प्रवेशांचा व्हिसाच मागावा. फेरो बेटे डेन्मार्कच्या राज्यात असली तरी शेंगेनमध्ये नाहीत आणि व्हिसावर त्यांचा स्वतंत्र उल्लेख लागतो.

विमानाने सफरीच्या दिवशीच पोहोचण्याचा बेत करू नये. एक रात्र आधी पोहोचावे, सामान हरवण्याची शक्यता धरली तर दोन. कोपनहेगन विमानतळावरून मेट्रो रात्रंदिवस चालते आणि पंधरा मिनिटांत कोंगेन्स न्यूटोर्वला आणते, म्हणून हॉटेल त्या परिसरात घेतले तर दुसऱ्या दिवशी ओशनकायला जाण्यासाठी ओरिएंटकायपर्यंतची मेट्रो तिथूनच मिळते. सफर एका शहरात सुरू होऊन दुसऱ्यात संपत असेल, तर जाण्याचे आणि येण्याचे विमान वेगवेगळ्या शहरांचे असे एकत्र तिकीट काढावे. उतरण्याच्या दिवशी दुपारी बाराच्या आधीचे विमान घेऊ नये.

डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तिन्ही देशांच्या चलनाचे नाव क्रोन असले तरी ती चलने वेगवेगळी आहेत आणि एकाचे दुसऱ्यात चालत नाहीत, पण रोख रकमेची गरज जवळजवळ पडत नाही; स्वीडनमध्ये तर अनेक ठिकाणी ती स्वीकारतच नाहीत. सार्वजनिक शौचालयाचे शुल्कही कार्डाने घेतात, तेव्हा कुटुंबातल्या प्रत्येकाकडे आपले कार्ड आणि त्याचा पिन असावा. नॉर्वेत रविवारी बहुतांश दुकाने बंद असल्याने औषधे व खरेदी आदल्या दिवशी उरकावी. कपड्यांत छत्रीपेक्षा पाणी न शिरणारे जाकीट उपयोगी पडते, कारण फियॉर्डमधील वाऱ्यात छत्री टिकत नाही. डाल्सनिब्बावर जुलैतही बर्फ दिसू शकते, म्हणून लोकरीची टोपी त्या दिवशी पिशवीत असावी.

जहाजावरच्या रात्रीच्या जेवणाची वेळ आरक्षणातच ठरवायची असते. शहरातून सुटणाऱ्या जहाजाला स्टॉकहोमची बेटे मागे टाकायला काही तास लागतात, आणि तेवढा वेळ लाल लाकडी घरे जहाजाच्या दोन्ही बाजूंना सरकत राहतात. त्यामुळे त्या संध्याकाळपुरती तरी उशिराची पाळी मागून घ्यावी.