सहलीवरून आणलेली लोकर कोकणात कशी कामाला लावावी

मे महिन्यात झाडावरचा आंबा सोडून आम्ही देवगडकर कुठेच जात नाही. आमच्या सहली दिवाळीनंतरच्या. कुलू-मनाली, सिमला, फार तर दार्जिलिंग. परत येताना अक्रोडांच्या पिशवीखाली लोकरीचे गुंडे असतातच, आणि ते पडवीत मांडले की शेजारच्या काकूंचा प्रश्न ठरलेला: "ह्या उकाड्यात सेटर कोण घालतलो?"

प्रश्न चुकीचा नाही. उत्तर न शोधताच लोकर कपाटात गेली की जूनपासून दमट हवा खात बसते, आणि गणपतीत कपाट उघडलं की वास येतो. म्हणून आणलेली लोकर डिसेंबरात ओळखायची, जानेवारीत सुईवर चढवायची आणि उरलेली फेब्रुवारीतच बंद करायची. जूनची वाट बघायची नाही.

दुकानात असतानाच

सगळ्या गुंड्यांच्या लेबलवर डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या घाण्याचा, नंबर एकच आहे ना ते बघा. रंग डोळ्यांना सारखा दिसला तरी वेगळ्या लॉटची पट्टी स्वेटरच्या पाठीवर उठून दिसते. 'कॅशमिलॉन' या नावाला भुलू नका. ते कॅशमीर (शेळीची मऊ लोकर) नव्हे, कृत्रिम अ‍ॅक्रिलिक आहे. वाईट नाही, धुवायला उलट सोपं, पण लोकरीचे पैसे त्याला देऊ नयेत. खरी पश्मिना लडाखच्या चांगथांग पठारावरच्या शेळ्यांची. तिचा तंतू साधारण १२ ते १६ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. ती रस्त्याकडेच्या टपरीवर ढिगाने मिळत नाही. हे मला आता कळतं. एका दुकानातून मी चार लड्या 'पश्मिना' म्हणून आणल्या होत्या, त्यांचं काय झालं ते पुढे येईलच.

सुया घेणार असाल तर आकडे नीट वाचा. आपल्याकडच्या जुन्या सुयांचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तशी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. नव्या गोल सुयांवर मात्र सरळ मिलिमीटर असतात. नमुन्यात '४ मिमी' लिहिलंय आणि तुम्ही ४ नंबरची सुई घेतलीत तर ती ६ मिलिमीटरची निघेल, आणि बाळाचं टोपडं आजोबांना होईल.

डिसेंबरातली बैठक

आम्ही सहा-सात जणी दुपारी जमतो. नियम एकच: प्रत्येकीने दोन वस्तू आणायच्या, एक सहलीत घेतलेली लोकर आणि दुसरी सध्या सुईवर असलेलं काम, मग ते कितीही लाजिरवाणं असो. एका बाहीचा स्वेटर तीन वर्षं येतोय आमच्याकडे. आता त्याची ओळखच 'एकबाह्या' अशी झाली आहे. पण असं काम चारचौघीत आलं की कोणीतरी म्हणते, आण इकडे, खांदा मी जोडून देते. घरी एकटीने बघितलं असतं तर पुन्हा पिशवीत गेलं असतं.

नवी लोकर हातोहात फिरू द्या. गालाला, मानेला लावून बघा, कारण बोटांना मऊ वाटलेली लोकर मानेला टोचू शकते. अंगोरा सशाची लोकर असेल तर तिचे केस सुटतात, त्यामुळे तान्ह्या बाळासाठी नको. अदलाबदलही इथेच होते: एकीकडे एकच गुंडा उरलेला, दुसरीला नेमका तोच रंग हवा. खायला चिवडा किंवा खाजा ठेवा. कोकम सरबत आणि सोलकढी या दिवशी वर्ज्य. पांढऱ्या लडीवरचा कोकमाचा डाग मी अजून जपून ठेवला आहे.

मग येते जाळून बघण्याची वेळ. लेबल नसेल तर दुसरा इलाज नाही. वीतभर धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून, काडीने पेटवा. खरी लोकर नाइलाजाने जळते, ज्योत काढली की बहुधा विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सुती धागा कागदासारखा भुरकन पेटतो. अ‍ॅक्रिलिक वितळून टोकाला काळा कडक मणी होतो. माझ्या 'पश्मिना'चा मणी इतका टणक झाला की तो ठोकून सगळ्यांनी बघितला. मिश्र धाग्याला राख आणि मणी दोन्ही होतात, तिथे अंदाजच.

लडी आणि नमुना

लडीवरून थेट विणायला बसू नका, गुंता सोडवण्यात दुपार जाते. दोघी असाल तर एकीने दोन्ही हातांत लडी ताणून धरायची, दुसरीने गुंडाळायचं. एकटी असाल तर खुर्चीची पाठ. गुंडा सैल ठेवा. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेलीच राहते आणि पहिल्या धुण्यात वस्तू आटते.

माप काढायला आधी नमुन्याचा छोटा तुकडा विणायचा कंटाळा सगळ्यांना येतो. मलाही. तरी निदान तीस टाके घालून हातभर नव्हे, वीतभर विणाच, कोमट पाण्यात भिजवून सावलीत आडवा वाळवा आणि मग १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. २२ बसले तर ८० सेंटिमीटर घेरासाठी १७६ लागतील. रंग जातो का तेही याच पाण्यात कळतं.

शंभर ग्रॅमचं काय करावं

सहलीतली लोकर बहुतेक वेळा एवढीच असते, आणि एवढ्यात मोठ्या माणसाचा स्वेटर होत नाही. टोपडं आणि पायमोजे होतात. पण मला सगळ्यात आवडतो तो तिरका चौकोन, कारण त्यात लोकर जवळजवळ शेवटच्या हातापर्यंत वापरता येते. बाळाचं दुपटं म्हणा, नाहीतर एसी डब्यात मांडीवर घ्यायला.

४ टाके घाला आणि एक ओळ सुलट विणा. पुढच्या प्रत्येक ओळीत दोन टाके सुलट, मग धागा पुढे आणून सुईवरून एक वेढा, मग उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेला आपोआप जाळी पडते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर गुंडा मधूनमधून ठेवत जा. १०० ग्रॅमपैकी साधारण ५३ उरले की घटवायला लागा. आता प्रत्येक ओळीत एक टाका सुलट, दोन एकत्र, वेढा, पुन्हा दोन एकत्र, बाकीचे सुलट. ४ टाके उरले की बंद करा. वर धरलेले तीन ग्रॅम चुकलेल्या हिशेबासाठी. वजनं मात्र कोरड्या हवेतच करा. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल हाताला न कळता धरून ठेवू शकते. पावसात काटा खोटं सांगतो.

बंद करायची ती फेब्रुवारीत

वर्षाची बेगमी आपण मे महिन्यात करतो, म्हणून लोकरही तेव्हाच बांधावी असं वाटतं. पण मे महिन्यात समुद्रावरून येणारी हवा आधीच जड झालेली असते, आणि ती हवा डब्यात बंद झाली की बुरशी आत बसूनच पावसाळा काढते. थंडी सरता सरता, कोरड्या दुपारी, विणलेले कपडे रिठ्याच्या कोमट पाण्यात न चोळता धुवून पूर्ण वाळवा. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की लोकरीचा नमदा होतो, म्हणजे ती आटून घट्ट, जाड होते. मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला कसरीला (लोकर खाणाऱ्या अळीला) फार तर दूर ठेवतो, आत शिरलेली मारत नाही. शंका असेल तर गुंडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा.

डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत घालू नका. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाला त्या वाफेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि अशी कमतरता आधी माहीत असतेच असं नाही.

पावसाळ्यात सुईवर सुती धागा घ्या. तो लोकरीसारखा ताणून पुन्हा जागेवर येत नाही आणि जड असतो, त्यामुळे स्वेटर लोंबतो, पण तोरणं, हातरुमाल, बाळाची लाळेरी मजेत होतात. खाऱ्या हवेत लोखंडी सुया गंजतात, त्या कोरड्या तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवा.

ऑक्टोबरच्या उन्हात डबे उघडा, कसर लागली नाही ना बघा आणि कुठला रंग किती ग्रॅम आहे ते एका कागदावर लिहून तो पर्समध्ये ठेवा. मी दोन वर्षं लागोपाठ तोच मोरपंखी आणला आहे.