लॅपडॉकवर सॅमसंग डेक्स वापरताना

लॅपडॉक म्हणजे फोनला जोडायचे लॅपटॉपसारखे उपकरण; त्यात स्वतःचा प्रोसेसर नसतो. स्क्रीन, कीबोर्ड, टचपॅड आणि बॅटरी पुरवणे एवढेच त्याचे काम असल्यामुळे, खरेदीपूर्वी आपल्या फोनचा यूएसबी-सी पोर्ट डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोडद्वारे चित्र बाहेर पाठवतो का, हे अवश्य तपासावे. २०१७ च्या गॅलेक्सी एस८ पासून सॅमसंगच्या प्रमुख फोनांत डेक्स, म्हणजे फोन मोठ्या स्क्रीनवर संगणकासारखा वापरण्याची सोय, आहे. अनेक स्वस्त फोनांत मात्र ही सोय नसते.

खरी अडचण बहुधा केबलची असते. फोनसोबत मिळालेली केबल अनेकदा यूएसबी २.० ची असते आणि ती चित्र वाहून नेत नाही, त्यामुळे ती जोडल्यावर चार्जिंग सुरू होते, पण स्क्रीन काळीच राहते आणि दोष विनाकारण डॉकला दिला जातो. चित्र वाहून नेणाऱ्या केबलवर पैसे वाचवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. ती जोडून फोनवर आलेली डेक्सची सूचना स्वीकारावी. काम चालू असताना फोन चार्जही होत असल्यास तो तापतो, म्हणून जाड कव्हर काढून ठेवावे.