मैला घरात उलटला, तर आधी वापर थांबवा

दाबावर चालणाऱ्या मलवाहिनीत मैला उतारावरून वाहत नाही. घराजवळच्या टाकीतला पंप मैला दळून बारीक नळीतून मुख्य वाहिनीत ढकलतो आणि ती वाहिनी सतत दाबाखाली असते. तो दाब घराकडे उलटू नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. त्यात कचरा अडकला की बाहेरचा मैला तुमच्या टाकीत शिरू शकतो.

चूक कोणाची, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. घरातले सगळे नळ, फ्लश, वॉशिंग मशीन बंद ठेवा. तरीही टाकीची पातळी चढून अलार्म वाजत असेल, तर पाणी बाहेरून येतंय. आता पंपाचा वीजपुरवठा तोडा आणि मगच तुमच्या जागेच्या हद्दीवरचा, वाहिनी बंद करायचा व्हॉल्व्ह फिरवा. पातळी थांबली, तर मैला मुख्य वाहिनीतून येत होता. चढतच राहिली, तर बहुधा पावसाचं किंवा जमिनीतलं पाणी झिरपतंय. टाकीत मात्र डोकावू नका, आतला वायू जीवघेणा असतो.

मुख्य वाहिनी पालिकेची, घरातलं प्लंबिंग तुमचं, यात सहसा वाद नसतो. खरी भांडणं पंप आणि हद्दीजवळच्या व्हॉल्व्हवरून होतात, कारण त्यांची मालकी ठिकाणानुसार बदलते. जोडणीचा करार आजच काढून वाचा. प्लंबरने काही उघडण्याआधी अलार्मच्या दिव्याचे वेळेसह फोटो घ्या, लेखी तक्रार करून क्रमांक मागा. पंपात फ्लश केलेले ओले वाइप्स सापडले, तर चूक तुमचीच धरली जाऊ शकते, मग भरपाई अवघडच!