अतिसंवाहकतेचा दावा कसा वाचावा

२२ जुलै २०२३ रोजी दक्षिण कोरियातील संशोधकांच्या एका गटाने ‘एलके-९९’ या पदार्थाविषयीचे दोन शोधनिबंध ‘आर्काइव्ह’ या खुल्या संग्रहात ठेवले. शिसे, तांबे, फॉस्फेट आणि ऑक्सिजन यांपासून भट्टीत बनवलेला हा करडा-काळा पदार्थ साध्या हवेच्या दाबाखाली, १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिसंवाहक राहतो, म्हणजे विजेला मुळीच रोध करत नाही, असा त्यांचा दावा होता. पुढचे तीन आठवडे माझ्या पदवीच्या वर्गातील विद्यार्थी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिले: हाताशी प्रयोगशाळा नसताना असा दावा खरा की खोटा, हे कसे ओळखायचे? निबंधातील आलेख आणि आकडे नीट वाचले, तर पुष्कळ काही ओळखता येते. त्याची रीत येथे मांडतो. बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र आणि थोडा धीर एवढे भांडवल त्यासाठी पुरते.

निबंध उघडण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की असावी. अतिसंवाहकता म्हणजे केवळ शून्य रोध नव्हे. हाइके कामरलिंग ओनेस यांना १९११ मध्ये लायडन येथे पाऱ्याचा रोध ४.२ केल्विनजवळ एकाएकी नाहीसा झालेला दिसला, हे खरे. परंतु या अवस्थेचे दुसरे आणि अधिक निर्णायक लक्षण १९३३ मध्ये माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवले. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला पदार्थ थंड करत नेला, तर विशिष्ट तापमानाला तो आपल्या आत शिरलेले क्षेत्र बाहेर ढकलून देतो. नुसता उत्तम वाहक असे करू शकत नाही. त्याच्या आत आधीपासून असलेले क्षेत्र तो थंड केल्यावर आतच राहते. म्हणून कोणत्याही निबंधाकडे दोन स्वतंत्र पुरावे मागावेत, एक विजेचा आणि दुसरा चुंबकत्वाचा. दोन्ही एकाच नमुन्यावर, जवळपास त्याच तापमानाला मिळालेले असावेत.

सारांश वाचताना तापमान, दाब आणि नमुन्याचे स्वरूप या तीन नोंदी वहीत कराव्यात. तापमान केल्विनमध्ये दिलेले असते. त्यातून २७३ वजा केले की सेल्सिअस मिळते. दाब गिगापास्कलमध्ये असेल, तर एक गिगापास्कल म्हणजे सुमारे १० हजार वातावरण-दाब, असा ढोबळ हिशेब धरावा. दाबाची ही नोंद बातम्यांत हमखास गळते. जर्मनीतील माइन्झ येथे २०१५ मध्ये हायड्रोजन आणि गंधकाचे संयुग २०३ केल्विनला अतिसंवाहक होते असे दिसले, आणि २०१९ मध्ये लँथॅनमच्या हायड्राइडसाठी (हायड्रोजनबरोबरच्या संयुगासाठी) सुमारे २५० केल्विन हे मान नोंदले गेले. मात्र त्यासाठी दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये १५० ते १७० गिगापास्कल दाब द्यावा लागला आणि नमुना केसाच्या जाडीहूनही लहान होता. याउलट १९९३ मध्ये सापडलेले पारायुक्त कॉपर ऑक्साइड साध्या दाबाखाली सुमारे १३३ केल्विनला, म्हणजे उणे १४० अंशांना, अतिसंवाहक होते. नवा दावा या पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीजवळ बसतो, हे पाहिले म्हणजे त्यासाठी किती भक्कम पुरावा मागायचा याचा अंदाज येतो.

आता रोधाच्या आलेखाकडे वळावे. योग्य मापनात नमुन्याला चार तारा जोडतात. बाहेरच्या दोन तारांतून विद्युतधारा सोडतात आणि आतल्या दोन तारांमधील विभवांतर मोजतात. असे केल्याने जोडांचा स्वतःचा रोध हिशेबात येत नाही. या पद्धतीतही एक फसगत संभवते. नमुना एकजिनसी नसेल किंवा त्याला भेगा असतील, तर धारा आडवाटेने जाते, आतल्या तारांच्या वाट्याला विभवांतरच येत नाही आणि पडद्यावर शून्य उमटते. म्हणून धारेचे मूल्य आणि दिशा बदलून मापन पुन्हा केले आहे का, आणि तारांच्या जागा बदलून पाहिल्या आहेत का, हे तपासावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘शून्य’ किती लहान आहे ते पाहावे. उभा अक्ष साधा असेल, तर मोठ्या आकड्याशेजारी कोणताही लहान आकडा शून्यासारखा दिसतो. तोच आलेख लॉगरिथमिक अक्षावर काढला की खरे रूप कळते. उपकरणाची मोजण्याची मर्यादा सांगितलेली नसेल, तर शून्य हा शब्द स्वीकारू नये.

येथे तांब्याशी तुलना ही फार उपयोगी मोजपट्टी आहे. खोलीच्या तापमानाला तांब्याची रोधकता सुमारे ०.०००००१७ ओहम-सेंटिमीटर असते. कोरियन गटाने १०४.८ अंश सेल्सिअसला रोधकतेत एकदम घट दाखवली होती. ती सुमारे ०.०२ वरून सुमारे ०.००२ ओहम-सेंटिमीटर इतकी होती. घट दहापट आहे, हे मान्य. परंतु घट झाल्यानंतरचे मूल्यदेखील घरातल्या वायरीतील तांब्याच्या हजारपटीहून अधिक आहे. हा एक भागाकार कोणालाही करता येतो, आणि तो आकडा हाती आल्याक्षणी करावा.

चुंबकीय पुरावा तपासताना अधिक वेळ द्यावा, कारण लोकांची सर्वाधिक दिशाभूल येथे होते. चुंबकावर तरंगणाऱ्या तुकड्याची चित्रफीत मन वेधून घेते, पण तरंगणे हा अतिसंवाहकतेचा पुरावा नव्हे. ग्रॅफाइट आणि बिस्मथ हे साधे प्रतिचुंबकीय, म्हणजे चुंबकापासून किंचित दूर ढकलले जाणारे, पदार्थ आहेत. ग्रॅफाइटचा पातळ तुकडा शक्तिशाली चुंबकांवर खोलीच्या तापमानाला खुशाल तरंगतो. आन्द्रे गाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर १९९७ मध्ये सुमारे १६ टेस्लाच्या क्षेत्रात जिवंत बेडूक तरंगवून दाखवला होता. एलके-९९ च्या चित्रफितीत तुकड्याची एक कड चुंबकाला टेकलेली होती आणि दुसरी वर उचललेली होती. पेकिंग विद्यापीठातील संशोधकांनी असे अर्धवट उचलले जाणे लोहचुंबकत्वानेही घडते, हे आपल्या नमुन्यांवर दाखवले. खरा अतिसंवाहक तुकडा अनेकदा चुंबकापासून ठरावीक अंतरावर जणू खिळून राहतो आणि चुंबक उलटा केला तरी खाली लटकून राहतो. चित्रफीत पाहायचीच असेल, तर हे शोधावे.

निबंधात मात्र तापमानानुसार चुंबकीय प्रतिसाद दाखवणारा आलेख पाहावा. त्यात दोन वक्र असतात. पहिल्या वक्रासाठी नमुना क्षेत्राविना थंड करून मग क्षेत्र लावलेले असते, तर दुसऱ्यासाठी तो क्षेत्रातच थंड केलेला असतो. संक्रमणाच्या, म्हणजे अतिसंवाहक अवस्था सुरू होण्याच्या, तापमानाखाली दोन्ही वक्र ऋण बाजूला उतरायला हवेत. किती उतरले, हा खरा प्रश्न आहे. क्षेत्राला पदार्थ जो प्रतिसाद देतो, त्याच्या गुणकाला चुंबकीय प्रवृत्ती म्हणतात. तिचे मूल्य संपूर्ण अतिसंवाहक तुकड्यासाठी उणे एक असते, तर उत्तम प्रतीच्या ग्रॅफाइटसाठीही ते उणे एक हजारांशापर्यंत पोहोचत नाही. निबंधातील मूल्य उणे एकाच्या किती टक्के आहे, हे काढले की नमुन्याचा ढोबळमानाने किती भाग अतिसंवाहक असू शकतो ते समजते. क्षेत्रात थंड केलेल्या नमुन्याचा वक्र लहान असणे एवढ्यावरून दावा फेटाळू नये, कारण पदार्थातील दोषांत क्षेत्ररेषा अडकून राहतात. दोन्ही वक्र लहान असतील, तर मात्र संशय घ्यावा. एककेही सांभाळावीत: जुन्या सीजीएस पद्धतीत उणे एकाऐवजी सुमारे उणे ०.०८ येते, आणि वस्तुमानामागे दिलेल्या मूल्याला घनतेने गुणावे लागते.

मला सर्वांत मोलाची वाटणारी पायरी यानंतरची आहे, आणि नेमकी तीच घाईत सुटते. ती म्हणजे कृती वाचून अणूंचा हिशेब मांडणे. एलके-९९ बनवताना शिशाचे ऑक्सिजनयुक्त सल्फेट आणि तांब्याचे फॉस्फाइड एकत्र करून ९२५ अंशांना भाजले जात होते. सल्फेटमध्ये गंधक आहे. अंतिम सूत्रात गंधक नाही. मग तो गेला कुठे? त्याचा काही भाग तांब्याशी जोडला जाऊन कॉपर सल्फाइड बनतो, आणि त्याच्या खुणा नमुन्याच्या क्ष-किरण विवर्तनात (स्फटिकांतील घटक ओळखण्याच्या चाचणीत) दिसत होत्या. इलिनॉय विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांना १०४.८ हा आकडाच ओळखीचा वाटला, कारण कॉपर सल्फाइडची स्फटिकरचना सुमारे १०४ अंशांना बदलते आणि त्या वेळी त्याचा रोध एकदम बदलतो. बीजिंगमधील भौतिकशास्त्र संस्थेत कॉपर सल्फाइडचे कमी-अधिक प्रमाण असलेले नमुने मोजले गेले, तेव्हा तीच घट तेथेही दिसली. शिवाय तापवताना आणि थंड करताना मिळणारे वक्र एकमेकांवर बसत नव्हते. वाचकाने हे लक्षण ध्यानात ठेवावे. बाह्य क्षेत्र नसताना अतिसंवाहक संक्रमणात जाण्यायेण्याचे वक्र जुळतात. ते वेगवेगळ्या वाटांनी जात असतील, तर बर्फ वितळण्यासारखे साधे रचनाबदल आधी शोधावेत. अखेरीस श्टुटगार्ट येथील माक्स प्लांक संस्थेने गंधकाचा संपर्क टाळून एलके-९९ चे शुद्ध स्फटिक वाढवले. ते जांभळट आणि पारदर्शक निघाले, आणि त्यांचा रोध लाखो ओहमांचा होता, म्हणजे पदार्थ विसंवाहक होता.

भेसळ म्हणजे नेहमी निराशाच, असे मात्र नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९९० च्या दशकाच्या आरंभी यिट्रियम, निकेल आणि बोरॉन यांच्या नमुन्यांत १२ केल्विनजवळ क्षीण अतिसंवाहकता दिसत होती. नमुन्याचा थोडासाच भाग अतिसंवाहक आहे, हे त्या संशोधकांनी प्रामाणिकपणे मोजले आणि चौथा घटक कार्बन आहे हे शोधून काढले. १९९४ मध्ये बोरोकार्बाइड या नव्या अतिसंवाहक कुळाची ओळख जगाला त्यातूनच झाली. अणूंचा हिशेब दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो तो असा.

त्यानंतर कच्च्या आकड्यांची चौकशी करावी. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठातील गटाने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये १५ अंश सेल्सिअसच्या अतिसंवाहकतेचा दावा प्रसिद्ध केला होता, दाब २६७ गिगापास्कल होता. चुंबकीय मापनातून पार्श्वभूमी, म्हणजे नमुन्याखेरीज इतर गोष्टींमुळे येणारा संकेत, वजा करण्याची त्यांची रीत नीट सांगितलेली नव्हती, आणि त्याच कारणाने नियतकालिकाने सप्टेंबर २०२२ मध्ये तो निबंध मागे घेतला. त्याच गटाचा ल्युटेशियम हायड्राइडवरील मार्च २०२३ चा निबंधही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे घेतला गेला. म्हणून ‘पार्श्वभूमी वजा केल्यावर’ असे शब्द दिसले की वजा करण्यापूर्वीचा आलेख कुठे आहे ते शोधावे, आणि निबंध जुना असल्यास नियतकालिकाच्या पानावर दुरुस्तीची किंवा माघारीची सूचना आहे का, हे आधीच पाहावे.

आलेखातील बारीक थरथरही वाचण्याजोगी असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील दोन संशोधकांनी जुलै २०१८ मध्ये सोने-चांदीच्या सूक्ष्मकणांत २३६ केल्विनला अतिसंवाहकता दिसल्याचे म्हटले. पुढच्याच महिन्यात ब्रायन स्किनर या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवले की वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या दोन वक्रांतील थरथर बिंदूगणिक जुळते, जी यादृच्छिक असायला हवी होती. संशोधकांनी दावा सोडला नाही; मे २०१९ मध्ये त्यांनी अधिक सहकाऱ्यांसह विस्तृत मसुदा सादर केला. वाचकाने अशा वेळी हेतूविषयी तर्क करू नये. आलेख मोठा करावा, बिंदू ताडून पाहावेत आणि जे दिसते तेवढेच नोंदवावे.

इतर प्रयोगशाळांतील पुनरावृत्तीची वाट पाहताना गणित आणि प्रयोग यांत गल्लत करू नये. एलके-९९ विषयीची संगणकीय आकडेमोड जुलैअखेरीस आली आणि अनेकांनी तिलाच दुजोरा समजले. ती केवळ तांब्याचा अणू अमुक जागी बसला तर इलेक्ट्रॉनांची रचना कशी असेल, एवढेच सांगत होती. नमुना प्रत्यक्ष बनवणाऱ्या पहिल्या गटांपैकी एक नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील होता, आणि त्यांच्या नमुन्यात अतिसंवाहकतेचा पुरावा मिळाला नाही.

या रीतीचा सराव करायचा असेल, तर प्रथम टिकलेला निबंध घ्यावा. टाटा संस्थेतील एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी शुद्ध बिस्मथच्या स्फटिकांविषयी ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेले काम त्यासाठी उत्तम आहे. बिस्मथमध्ये सुमारे एक लाख अणूंमागे एकच मोकळा विद्युतवाहक असतो, त्यामुळे प्रचलित सिद्धांतानुसार त्यात अतिसंवाहकता अपेक्षित नव्हती, ती ०.५३ मिलिकेल्विनला सापडली. वरच्या क्रमाने तो वाचावा: तापमान, दाब, नमुना, आणि मग चुंबकीय वक्र, कारण पुरावा चुंबकीय मापनाचा आहे. वाचताना एक आकडा शोधून त्यावर थांबावे. ही अवस्था मोडायला ५.२ मायक्रोटेस्ला क्षेत्र पुरते, आणि मुंबईत पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाहून अधिक आहे. ते नमुन्यापासून दूर कसे ठेवले, हे निबंधात शोधावे.