जपानमधली बँड टूर: या चुका विमानात बसण्याआधीच टाळा

आपल्याकडे शोच्या दिवशी जनरेटरवाल्याला दोन फोन केले, हॉलच्या मॅनेजरला चहा पाजला की निम्मी कामं निघतात. जपानमध्ये ही कला फारशी चालत नाही. तिथली मंडळी मदतीला कमी पडत नाहीत, पण आधी न कळवलेल्या गोष्टीला त्यांच्या टाइमटेबलात जागाच नसते. म्हणून खालच्या बहुतेक चुका घरीच, सामान भरताना होतात.

फक्त व्होल्टेज बघणं

जपानमध्ये १०० व्होल्ट मिळतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. विजेची फ्रिक्वेन्सी टोकियोकडे ५० हर्ट्झ आणि ओसाका-नागोयाकडे ६० हर्ट्झ, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन. ती फाळणी आजही तशीच आहे. समर सॉनिकसारख्या फेस्टिव्हलला बँड एका दिवशी टोकियोजवळ आणि दुसऱ्या दिवशी ओसाकात वाजवतो, म्हणजे एका रात्रीत वीज बदलते.

ज्या अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ छापलंय त्याची काळजी नको. खरी गंमत जुन्या टोनव्हील (फिरत्या चाकांतून सूर काढणाऱ्या) हॅमंड ऑर्गनची. त्याची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते. ६० हर्ट्झचा ऑर्गन टोकियोत लावला की साची पट्टी दाबल्यावर खालचा ध ऐकू येतो, आणि ट्यून करायला खुंटी नसते. भाड्याने मागवताना कुठल्या शहरात वाजणार हे लिहूनच द्या.

आपला २३० व्होल्टचा ट्यूब अँप असेल तर व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतोच. त्याची वॅट क्षमता अँपच्या मागे लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त ठेवा. अमेरिकन १२० व्होल्टचा अँप थेट १००वर लावला तर आवाज दबका येतो, ट्यूबमधले हीटर पुरेसे तापत नाहीत. तोच टोकियोत १२०वर चढवला आणि अँपच्या आतला ट्रान्सफॉर्मर फक्त ६० हर्ट्झचा निघाला, तर तो गरम होऊन घुमायला लागतो. सॉकेट बहुधा दोन चपट्या पिनांचं असतं, अर्थिंग वेगळं शोधावं लागतं. स्पीकरमधून हम, म्हणजे सततची घरघर, येतेय म्हणून गिटारच्या केबल बदलत बसण्याआधी तिथे बघा.

सर्दीच्या गोळ्या बॅगेत तशाच टाकणं

१६ जानेवारी १९८० रोजी बीटल्सवाला पॉल मॅकार्टनी टोकियोच्या नारिता विमानतळावर गांजासकट पकडला गेला, नऊ दिवस कोठडीत राहिला आणि विंग्स या त्याच्या बँडची अख्खी टूर रद्द झाली. ते प्रकरण सगळे सांगतात, पण क्रूच्या पाऊचमधल्या गोळ्या कोणी तपासत नाही. १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेलं औषध जपानमध्ये आणायला बंदी आहे, १ टक्क्याहून जास्त कोडीन असलेलं औषध तिथे अमली पदार्थात मोडतं. अ‍ॅम्फेटामिनची औषधं डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. रोजच्या औषधांचा महिनाभराचा साठा चालतो. जास्त न्यायचा असेल तर आधी दाखला काढावा लागतो.

कागदपत्रांत घाई

वाद्यं कार्नेवर न्या, म्हणजे परत आणायच्या सामानाला सीमाशुल्क न भरता नेऊ देणाऱ्या कागदावर. भारतात तो फिक्की देते. सीरियल नंबर यादीशी जुळले पाहिजेत, म्हणून निघण्याआधी प्रत्येक केस उघडून नंबर मोठ्याने वाचा. विक्रीचे टी-शर्ट, गिटारच्या तारा, स्टेजवर केबल चिकटवायची गॅफर टेप कार्नेत टाकू नका: ज्या वस्तू परत येणार नाहीत त्यांच्यासाठी तो नाहीच. आणि पर्यटक व्हिसावर शो करायचा विचारही नको. त्यासाठी वेगळा व्हिसा आहे, त्याची कागदपत्रं तिथला प्रमोटर आधी काढतो आणि त्याला वेळ लागतो.

वायरलेस माइक आणि इन-इअरचंही (कानात घालायच्या मॉनिटरचंही) तसंच. आपला सेट तिथे चालू होतो, पण जपानची मान्यतेची खूण नसेल तर वापरणं बेकायदा. परवाना न लागणारा ८०६–८१० मेगाहर्ट्झचा पट्टाही मान्यता असलेल्या यंत्रांसाठीच आहे. सरळ भाड्याने घ्या.

"रात्रीतून ट्रक पाठवू"

एप्रिल २०२४पासून ट्रकचालकांच्या ओव्हरटाइमवर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली आहे. टोकियो-ओसाका पाचशे किलोमीटरच्या आसपास, तेव्हा लोड-आउटनंतर, म्हणजे शो संपून सामान ट्रकमध्ये चढवल्यावर, चालक लगेच निघेल असं गृहीत धरू नका.

शिंकान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेलेल्या बॅगेसाठी तोकाइदो, सान्यो आणि क्यूशू मार्गांवर खास सीट आरक्षित करावी लागते; २५०च्या वरचं सामान घेतच नाहीत. गाडी मधल्या स्टेशनांवर मिनिटभर थांबते. दोन गिटार, पेडलबोर्ड आणि सुटकेस घेऊन दारात गर्दी करण्यापेक्षा सुटकेस हॉटेलवरून कुरियरने पुढच्या हॉटेलला पाठवा. टोकियोहून ओसाकाला ती बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते.

शो सहा-साडेसहा-सातला सुरू होतो, मर्चंडाइजची रांग दुपारीच लागते. दोन गाण्यांमध्ये प्रेक्षक शांत बसतात. गायकाला हे आधी सांगा, नाहीतर तो घाबरून स्टेजवरचा आवाज सांभाळणाऱ्या मॉनिटरवाल्यावर ओरडतो.

शाकाहारी असाल तर मिसो सूपमध्येही माशाचं पाणी असतं. रात्री उशिरा कोन्बिनीतली (चोवीस तास उघड्या दुकानातली), उमेबोशी हे आंबट लोणचं भरलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, त्यातल्या त्यात बरी. पाकिटावरची घटकांची यादी मात्र फोनवर भाषांतर करून वाचा.