कॉलेजमध्ये गंभीर तक्रार आली? ‘निरंक’ (म्हणजे एकही तक्रार नाही) लिहायच्या आधी हे करा

कॉलेजच्या ऑफिसात मी बरीच वर्षं काढली, आधी आवक-जावकच्या टेबलावर आणि मग ऑफिस सुपरिटेंडंट म्हणून, आणि या सगळ्या काळात मुलामुलींची कसलीही गंभीर तक्रार आली की प्राचार्यांच्या केबिनमधून पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आधी आपण बघू, बाहेर जाऊ देऊ नका." हेतू वाईट नसतो हो. कॉलेजचं नाव, नॅकची (कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेची) व्हिजिट तोंडावर, संस्थाचालकांचा फोन, सगळं डोक्यात असतं. पण कायदा हे काही बघत नाही. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ चा, त्यातलं कलम ७ एकदा वाचाच. तक्रार येऊनही संस्थाप्रमुखाने काही केलं नाही तर ती रॅगिंगला अपप्रेरणा धरतात, आणि शिक्षा रॅगिंग करणाऱ्याइतकीच, २ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. म्हणजे दाबणारा आणि करणारा एकाच रांगेत.

तेव्हा नवीन प्राचार्य, प्रभारी, रेक्टर, हेडक्लार्क, कुणीही असा, क्रमाने काय करायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी कागद घ्या आणि त्यावर तारीख-वेळ टाका

हे इतकं साधं आहे की इथेच सगळे चुकतात. एका कॉलेजात (नाव नको) हॉस्टेलच्या पहिल्या वर्षाच्या मुलाने जर्नलच्या फाडलेल्या पानावर पेन्सिलने तक्रार लिहून दिली होती, तारीख नाही, खाली नुसती सही. शिपायाने ती ट्रेमध्ये टाकली, सर विद्यापीठात मीटिंगला, मग रविवार, आणि आवक क्रमांक पडला चौथ्या दिवशी. पाचव्या दिवशी वडील आले आणि त्यांनी मोबाइल काढून त्या पानाचा फोटो दाखवला, मुलाने देण्याआधी काढून ठेवलेला, तारीख-वेळेसकट. पुढे तीन महिने आम्ही त्या चार दिवसांचा खुलासा लिहीत होतो आणि तक्रारीत काय होतं हे कुणी विचारतच नव्हतं.

म्हणून अशा तक्रारींसाठी गोपनीय आवक रजिस्टर वेगळं करा आणि कुलपात ठेवा. नोंदीत तारखेबरोबर वेळ लिहा, देणाऱ्याला तिथल्या तिथे पोच द्या. विद्यार्थी तोंडी सांगत असेल तर समोर बसून लिहून घ्या, वाचून दाखवा, सही घ्या. आणि कृपा करून त्याचे शब्द ऑफिशियल मराठीत ‘सुधारू’ नका. तो म्हणाला "केस धरून भिंतीवर आपटलं" तर तेच लिहा, "सदर विद्यार्थ्याशी गैरवर्तन करण्यात आले" असं नको. जातीवरून शिवी दिली असेल तर शिवी जशीच्या तशी आली पाहिजे, अवघडल्यासारखं होतं लिहिताना, पण ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा होतो की नाही हे बरंचसं त्या शब्दांवर ठरतं.

एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत नाहीच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) अँटी रॅगिंग हेल्पलाइनवर (१८००-१८०-५५२२) कुणी तक्रार केली की ती कॉलेजकडे ईमेलने येते. एके ठिकाणी तिथे नोंदवलेला ईमेल होता निवृत्त होऊन दोन वर्षं झालेल्या प्राचार्यांचा. मेल त्यांना जात होते आणि ते नातवाकडे परदेशात.

मग वय बघा

हा मुद्दा कुणाच्या लक्षातच येत नाही. ज्युनिअर कॉलेज आपल्याच आवारात असतं, अकरावी-बारावीची पोरं १६-१७ ची, आणि एफवायलाही बरेच जण प्रवेशाच्या वेळी १८ चे झालेले नसतात. तक्रार लैंगिक स्वरूपाची असेल तर ॲडमिशनच्या फाईलमधून दाखला काढा, जन्मतारीख बघा. १८ च्या आत असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा. तिथे ‘आधी आपली चौकशी’ हा प्रकारच नाही, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पालक नको म्हणाले तरी, मुलगी नको म्हणाली तरी. न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही तर १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

१८ पूर्ण झालेली मुलगी असेल तर उलट आहे. पोलिसांत जायचं की नाही हे ती ठरवणार. आपलं काम तिला हे स्पष्ट सांगायचं, की कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे (लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या) जाता येतं, पोलिसांकडेही जाता येतं, दोन्हीकडे एकदम जाता येतं, आणि ती पोलिसांकडे निघाली तर मदत करणं हे २०१३ च्या पॉश कायद्याने (कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या) कॉलेजवर टाकलेलं काम आहे. "बघ बाई, पुढे लग्नाला अडचण होईल" असलं काही बोलणारी माणसं त्या खोलीत ठेवूच नका. असतात, म्हणून सांगतोय.

रॅगिंग असेल तर घड्याळ लावा

इथे गोंधळ होतो कारण दोन मुदती आहेत. राज्याच्या कायद्यात लेखी तक्रार आल्यापासून ७ दिवसांत चौकशी, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याचं निलंबन आणि तक्रार लगेच पोलीस ठाण्याकडे. तथ्य दिसलं नाही तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं, गप्प बसायचं नाही. यूजीसीचे २००९ चे नियम जास्त कडक आहेत. माहिती मिळाल्यावर फौजदारी गुन्हा होतोय असं दिसलं तर २४ तासांत एफआयआर, आणि तीही संस्थाप्रमुखाने स्वतः किंवा त्याने नेमलेल्या अँटी रॅगिंग समितीच्या सदस्याने द्यायची, पोराच्या बापाला ठाण्यात पाठवून आपण मोकळं व्हायचं नाही. वरून पोलीस काय करतात याची वाट न बघता कॉलेजची चौकशी आणि कारवाईसुद्धा ७ दिवसांच्या आत संपवायची. म्हणून मी सगळ्यांना २४ तासच लक्षात ठेवा म्हणतो.

आणि रॅगिंग म्हणजे फक्त कोंबडा करणं नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर रंग, जात, धर्म, प्रदेश, भाषा, लिंग, लैंगिक कल, दिसणं यावरून छळ केला तर तेही रॅगिंगच. सीनियर लोक व्हॉट्सॲपवर ग्रुप काढून पहिल्या वर्षाच्या पोरांना रात्री दोन-दोनला असाइनमेंट लिहायला लावतात ते पण.

ठाण्यात "ही आमची हद्द नाही" असं ऐकवलं तर नम्रपणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. १ जुलै २०२४ पासून कुठल्याही ठाण्याने हद्द न बघता नोंद घ्यायची, झिरो एफआयआर, आणि प्रत फुकट द्यायची. शैक्षणिक सहल गोव्याला गेलेली असताना काही झालं आणि मुलीने परत आल्यावर साताऱ्यात सांगितलं तर साताऱ्यातही नोंदवता येतं. घेतच नसतील तर तक्रार लेखी, पोस्टाने, पोलीस अधीक्षकांकडे.

डीव्हीआरकडे (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनकडे) कुणाला तरी पळवा

सीसीटीव्हीचं फुटेज कायम राहतं असं सगळ्यांना वाटतं. हार्ड डिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवीन बसतं, आमच्याकडे साधारण पंधरा दिवसांत जायचं. म्हणून तक्रार आली त्याच दिवशी त्या भागातल्या कॅमेऱ्यांचं, घटनेच्या आधीचे-नंतरचे काही तास धरून, फुटेज उतरवून घ्या. स्क्रीनसमोर मोबाइल धरून शूटिंग करू नका, सगळे तेच करतात. कॉपी कोणी, कधी, कोणत्या मशीनमधून घेतली ते लिहा, कारण कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा कोड, द्यावी लागते, आपल्या कॉम्प्युटरवाल्या सरांना विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. हॉस्टेलचं रात्रीचं हजेरी रजिस्टर आणि गेटवरची वहीही ताब्यात घ्या. वह्यांची पानं गायब होतात, अनुभव आहे.

तक्रारदाराला सांभाळा, पण शिक्षा त्याला होईल असं नको

"तू काही दिवस घरी जा" हे सगळ्यात सोपं वाटतं आणि तेच चुकीचं. खोली बदलायची तर आरोप असलेल्याची बदला. शिक्षकाविरुद्ध तक्रार असेल तर त्या मुलीचे पेपर, इंटर्नल मार्क, सबमिशन त्याच्या हातातून काढा, लेखी आदेशाने. दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणं बंद करा. लैंगिक छळाच्या तक्रारीत समेट फक्त तिने मागितला तरच होतो आणि पैसे देऊन तर होतच नाही. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकलं तर पॉश कायद्याच्या कलम १६ चा भंग, कुणाला गंमत वाटली तरी.

अंतर्गत समिती खरी आहे ना, ते आजच तपासा

बोर्डावर नावं असतात, पण बघा कुणाची. यूजीसीच्या नियमाप्रमाणे कुलगुरू, कुलसचिव, डीन, विभागप्रमुख यांनी या समितीत बसायचंच नाही. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक, दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर, बाहेरची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी, तेही निवडून आलेले, सरांनी बोट दाखवलेले नाहीत. निम्म्या तरी महिला. मुदत ३ वर्षं, आणि मी पाहिलेल्या निम्म्या बोर्डांवर मुदत संपून गेलेली होती. समितीच नाही केली तर ५० हजारांपर्यंत दंड आहे.

तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत यावी लागते, योग्य कारण असेल तर आणखी ३ महिने वाढवता येतात. ७ दिवसांत समोरच्याला प्रत, १० दिवसांत त्याचं उत्तर, ९० दिवसांत चौकशी पूर्ण. हे सगळं सहलीला, एनएसएसच्या कॅम्पला, युवा महोत्सवाला, कॉलेजच्या बसला पण लागू आहे, "आवाराबाहेर झालं" म्हणून हात झटकता येत नाहीत. मुलग्याने तक्रार केली तर? यूजीसीच्या नियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही आहेत, हसून परत पाठवू नका.

वर्षभराची कामं

जूनमध्ये विद्यार्थी आणि पालक दोघांची रॅगिंगविरोधी हमीपत्रं. अँटी रॅगिंग समिती, जिच्यात पोलीस आणि महसूलवाले पण असतात, त्यांना नुसतं पत्र न पाठवता बोलवा. हॉस्टेलवर अँटी रॅगिंग स्क्वाडच्या अचानक धाडी, आणि अचानक म्हणजे रेक्टरला आदल्या दिवशी न सांगता. पहिल्या वर्षाच्या दर ६ मुलांमागे एक मेंटॉर. पहिले ३ महिने कुलगुरूंकडे दर आठवड्याला अहवाल, नंतर महिन्याला. पॉशचा वार्षिक अहवाल जिल्हा अधिकाऱ्यांकडे, कॅलेंडर वर्षाचा.

आता या अहवालांत सगळे काय लिहितात, तर ‘निरंक’. गेल्या वर्षीची फाईल काढायची, तारीख बदलायची, निरंक, सही, जावक. अमेरिकेत क्लेरी कायद्याखाली विद्यापीठांना दर १ ऑक्टोबरपर्यंत कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचे आकडे जाहीरच करावे लागतात, लोक ॲडमिशन घेताना बघतात. आपल्याकडे हजार पोरं हॉस्टेलला राहणाऱ्या कॉलेजात सलग दहा वर्षं निरंक असेल तर मला तरी पहिला प्रश्न पडतो की तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे आहे. आमच्याकडे ती एकदा सापडत नव्हती म्हणून कुलूप तोडलं, तर आत चार चिठ्ठ्या निघाल्या, त्यातली एक पास होऊन गेलेल्या मुलीची होती.